हातगुण आणि जास्वंदीची काडी

संकष्टी चतुर्थीच्या सकाळी पुण्याच्या मंडईत फेरी मारली, तर फुलवाल्यांच्या पुढ्यात दूर्वांच्या जुड्या आणि त्यांच्या शेजारी जास्वंदीच्या कळ्या मांडलेल्या दिसतात. पूर्ण उमललेली फुले त्या मानाने कमी. कारण साधे आहे. तांबड्या जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटू लागते. म्हणून विकणारा कळी विकतो आणि घेणारा ती ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेतो.

हे फूल आपल्याला आणखी एका ठिकाणी भेटलेले असते. शाळेत फुलाचे भाग शिकवायचे म्हटले, की जास्वंदच हातात येते. पाच पाकळ्या, पुंकेसरांची लांब नळी, तिच्यातून वर आलेली पाच लाल टोके, तळाशी बीजांडकोश. सारे मोठे आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. परागण, फलन, फळ आणि बी ही साखळी आपण याच फुलावरून शिकवतो. आता वर्गाला एक प्रश्न विचारून पाहा: जास्वंदीचे फळ कोणी पाहिले आहे का? जास्वंदीचे बी कोणी पेरले आहे का? बहुधा एकही हात वर होणार नाही, आणि शिक्षकांचाही होणार नाही. बागेतल्या बहुतेक जास्वंदींना बी क्वचितच धरते. ज्या फुलावरून आपण बी कसे तयार होते ते शिकवतो, त्याचे झाड मात्र बीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शेजारणीने शेजारणीला दिलेल्या काडीतून.

या लेखात आपण त्या काडीचाच इतिहास पाहणार आहोत.

घर नसलेले झाड

जास्वंदीला आपण खास आपले झाड मानतो. संस्कृतात ती ‘जपा’. कालिदासाच्या ‘मेघदूता’त संध्याकाळच्या तांबूस प्रकाशाला ताज्या जपापुष्पाची उपमा आहे. नवग्रहस्तोत्राच्या आरंभी सूर्याचा रंग सांगायला याच फुलाचे नाव येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो स्थानिक वैद्यांच्या मदतीने तयार केला होता. त्यातही ती तिथल्या मल्याळी नावाने हजर आहे. १७५३ मध्ये लिनीयसने तिला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ मात्र होतो ‘चीनचा गुलाब’.

तर मग ती कुठली? आजवर रानात आपोआप वाढणारी ही जास्वंद कोणालाही सापडलेली नाही. तिचे सर्वांत जवळचे नातलग प्रशांत महासागरातील बेटांवर आढळतात, आणि तिथल्याच दोन जातींच्या संकरातून ती जन्मली असावी, असे मत अलीकडच्या काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते खरे ठरो वा न ठरो, एक गोष्ट स्पष्ट आहे. जिला बी क्वचितच धरते ती वनस्पती वाऱ्याने किंवा पाखरांच्या पोटातून समुद्र ओलांडून येत नाही. तिला माणसानेच आणले. कोणीतरी ओल्या शेवाळात, मातीत किंवा सालीत गुंडाळलेली फांदी होडीतून नेली, दुसऱ्या किनाऱ्यावर रोवली आणि ती जगवली. हे करणाऱ्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

फांदी रोवून झाड करण्याची विद्या आपल्याकडे लेखी स्वरूपातही जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फणस, डाळिंब, द्राक्ष अशी फांदीपासून लावण्याची झाडे त्यात सांगितली आहेत, आणि लावण्यापूर्वी फांदीला शेण फासावे असेही म्हटले आहे. फांदी जगते, इतके त्या काळी पक्के माहीत होते. का जगते, हा प्रश्न मात्र पुढे फार काळ कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर म्हणून आपल्याकडे एक शब्द होता: हातगुण.

‘याचा हात लागत नाही’

घरोघरी हा शब्द ऐकू येतो. एखाद्या आजीने काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, आणि दुसऱ्याने खत घालून, पाणी घालून लावलेली फांदी आठ दिवसांत काळी पडते. मग म्हणतात, ‘तिच्या हाताला गुण आहे.’ आमच्या लहानपणी आमच्याही वाट्याला याची दुसरी बाजू आली होती. दोन-तीन काड्या सुकल्यावर ‘याचा हात लागत नाही’ असा निकाल लागला आणि कुंड्यांजवळ जायची मनाई झाली.

या शब्दात कौतुक आहे, पण तो दारही बंद करतो. गुण हातात जन्मतःच असेल, तर शिकण्यासारखे आणि शिकवण्यासारखे काही उरत नाही. हातगुण व्यक्तीचा मानला तर एक मूल बागेबाहेर राहते. तो जातीचा मानला तर सबंध समाजाचे ज्ञान ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून मोडीत निघते. ते ज्ञान आहे, निरीक्षणातून आणि चुकांतून कमावलेले आहे, हे कबूल करायची गरजच उरत नाही.

मंडईत उभे राहून हा विचार करायला आणखी एक कारण आहे. दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले आणि ती ‘रे मार्केट’ झाली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

जोतीरावांचे घराणे माळ्याचे. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते ‘फुले’ झाले. काडी, कलम, वाफा, पाणी हे सारे त्यांच्या घरातले होते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी बंधारे आणि तळी यांच्याबरोबरच शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची मागणी केली. ज्यांच्या हातांना शेती येते, त्यांच्यापर्यंत शेतीचे शास्त्रही पोचले पाहिजे, हा त्या मागणीचा गाभा होता.

शास्त्र पुण्यात नव्हते असे नाही. गव्हर्नरच्या निवासाजवळ, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या परिसरालगत, १८७३ मध्ये गणेशखिंड वनस्पती उद्यान सुरू झाले होते. त्याची देखरेख जी. मार्शल वुड्रो यांच्याकडे होती. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्रही शिकवत. भारतातील बागकामावरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पण इंग्रजी वाचणारा आणि वाफ्यात काम करणारा ही त्या काळी बहुतेक दोन वेगळी माणसे होती. एकाकडे पुस्तक होते आणि दुसऱ्याकडे हात. मधला पूल नव्हता.

१८८० च्या आगेमागे

योगायोग असा, की याच वर्षांत युरोपात काडीच्या कोड्याला हात घातला जात होता.

पहिले निरीक्षण जुने होते. फ्रान्समध्ये दुहामेल दु मोन्सो याने १७५८ च्या आपल्या ग्रंथात झाडांविषयीचे अनेक प्रयोग मांडले. फांदीची साल कड्यासारखी सोलून काढली, तर सोललेल्या जागेच्या वरच्या कडेला फुगवटा येतो आणि ओल मिळाली तर तिथून मुळ्या फुटतात. आपल्याकडे गुटी कलम बांधणाऱ्या माळ्याला हे पाठ असते. यातून निघणारे अनुमान महत्त्वाचे होते. सालीतून काहीतरी वरून खाली येते आणि वाट तुटली की तिथे साचते.

१८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्योख्टिंग याने वाळुंजाच्या जातीतील झाडांच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगले, काही सुलटे आणि काही उलटे. उलट्या टांगलेल्या तुकड्यांनाही मुळ्या प्रामुख्याने मूळच्या बुडाकडेच फुटल्या, जरी ते बूड आता आकाशाकडे होते. म्हणजे काडीला आपले वर-खाली ठाऊक असते.

१८८० मध्ये दोन गोष्टी घडल्या. जर्मनीतील वुर्त्सबुर्गचे नामवंत प्राध्यापक युलियस झाक्स यांनी असा विचार मांडला, की पानांमध्ये मुळे घडवणारा एक विशिष्ट पदार्थ तयार होतो आणि तो खाली उतरतो. त्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने वनस्पतींच्या हालचालींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गवताच्या कोवळ्या कोंबाचे टोक झाकले तर कोंब प्रकाशाकडे वळत नाही, याचा अर्थ टोकाकडून खाली काहीतरी प्रभाव जातो, असे त्यांनी दाखवले.

हे प्रयोग डार्विननी आपल्या राहत्या घरी, साध्या कुंड्यांत केले होते. झाक्स यांची प्रयोगशाळा मात्र युरोपात अव्वल मानली जाई. फ्रान्सिस तिथे काही काळ शिकूनही आला होता. याच ग्रंथात मुळांच्या टोकांविषयीचे प्रयोग होते. ते झाक्स यांच्या प्रयोगशाळेत जुळले नाहीत, तेव्हा १८८२ मध्ये झाक्स यांनी लिहिले, की डार्विन पिता-पुत्रांचे प्रयोग पुरेशा कौशल्याविना केलेले आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर, डार्विनचा हात लागत नाही! पुढे घरात प्रयोग करणारेच बरोबर ठरले. मूळ खाली वळते ते टोकाच्या संवेदनेमुळे, हे आज सर्वमान्य आहे. आणि झाक्स यांची मुळे घडवणाऱ्या पदार्थाची कल्पनाही खरी निघाली. दोघे एकाच सत्याची दोन टोके धरून भांडत होते.

मूत्रातून निघालेले उत्तर

तो पदार्थ हाती यायला आणखी अर्धशतक लागले. १९२६ मध्ये हॉलंडमधील फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांची टोके कापून ती अगारच्या चकतीवर ठेवली आणि मग नुसती चकती बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला ठेवली. कोंब वाकला. टोकातला पदार्थ अगारमध्ये उतरला होता. त्याला पुढे ‘ऑक्झिन’ हे नाव रूढ झाले.

कोंबात हा पदार्थ इतका थोडा असतो, की तो शुद्ध करणे जिकिरीचे होते. उट्रेख्टच्या क्योगल यांच्या प्रयोगशाळेला तो भरपूर सापडला तो भलत्याच ठिकाणी, माणसाच्या मूत्रात! तिथून १९३४ मध्ये त्यांनी इंडोल ॲसेटिक आम्ल वेगळे केले. वनस्पतींचे मुख्य ऑक्झिन हेच, असे पुढे सिद्ध झाले. या कथेला एक धडाही जोडलेला आहे. याच प्रयोगशाळेने त्याआधी ‘ऑक्झिन अ’ आणि ‘ऑक्झिन ब’ असे दोन पदार्थ सापडल्याचे जाहीर केले होते आणि त्यांच्या रेणूंची रचनाही छापली होती. इतर कोणालाही ते पुन्हा सापडले नाहीत. १९६६ मध्ये जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत वेगळेच पदार्थ निघाले. नामांकित प्रयोगशाळेच्या शब्दालाही दुसऱ्याच्या हातून पडताळणी लागते, हे यावरून दिसते.

१९३५ मध्ये इंडोल ॲसेटिक आम्लाने काड्यांना मुळ्या फुटतात हे दाखवले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे अधिक टिकाऊ रसायन त्याच कामाचे असल्याचे दाखवले. आज रोपवाटिकेत मुळ्या फुटण्यासाठी जी पावडर वापरतात, तिच्यात बहुधा हेच असते.

काडीत काय घडते?

आता काडीकडे येऊ. फांदी झाडावर असताना शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन पेशीपेशींतून खाली जात असते. ते खालीच का जाते? ऑक्झिन पेशीबाहेर सोडणारी प्रथिने पेशीच्या बुडाच्या बाजूला बसवलेली असतात. १९९८ मध्ये अशा एका प्रथिनाची जागा निश्चित झाली आणि फ्योख्टिंगच्या उलट्या काड्यांचे कोडे बऱ्याच अंशी उलगडले.

फांदी कापली की खालची वाट तुटते आणि ऑक्झिन कापाजवळ साचू लागते. तिथल्या वाहक ऊतींलगतच्या काही पेशी आपले नेहमीचे काम सोडून पुन्हा विभागू लागतात. त्यांचा लहानसा पुंजका होतो, त्याला मुळीच्या टोकाचा आकार येतो आणि साल फोडून मुळी बाहेर पडते. खोडातून अशा फुटणाऱ्या मुळांना आगंतुक मुळे म्हणतात.

हे सारे घडायला काही आठवडे लागतात, आणि तोवर काडीची स्थिती अडचणीची असते. पाने पाणी उडवत असतात आणि पाणी शोषायला मुळे नसतात. पाने सगळी काढली तर ऑक्झिन आणि अन्न बंद; सगळी ठेवली तर काडी सुकते. माती कोरडी झाली तर ती मरते. चिखल झाला तर बुडाला हवा मिळत नाही आणि ती कुजते. हातगुण म्हणतात तो या दोरीवरून चालण्याचा सराव आहे.

घरी आणि वर्गात

त्या सरावाचे नियम सांगता येतात. जास्वंदीची फार कोवळी, हिरवी फांदी घेऊ नये आणि जुनी, जाड, खरखरीत सालीचीही घेऊ नये. यंदाच्या वाढीतली, पेन्सिलीएवढी जाड, हिरवट-तपकिरी फांदी उत्तम. वीतभराहून थोडा कमी, तीन-चार पेरांचा तुकडा धारदार पात्याने, खालच्या डोळ्याच्या किंचित खाली कापावा. कळ्या खुडून टाकाव्यात, कारण फूल काडीतली साखर ओढून घेते. वरची एक-दोन पाने ठेवून तीही अर्धी कापावीत. धुतलेल्या जाडसर वाळूत किंवा वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात एक-दोन पेरे आत जातील इतकी काडी रोवावी आणि भोवतीची वाळू दाबून घ्यावी. वरून पारदर्शक पिशवी सैल घालावी आणि कुंडी उजेडात, पण उन्हाच्या झळीपासून दूर ठेवावी. पुण्याच्या हवेत जून-जुलै हा काळ सर्वांत सोयीचा. हवेतली ओल पिशवीचे निम्मे काम करते. साधारण तीन ते सहा आठवड्यांत मुळ्या धरतात. पालवी फुटली म्हणजे मुळ्या फुटल्या असे समजू नये. काडी साठलेल्या अन्नावरही पालवते आणि नंतर माना टाकते. ती उपटून पाहण्याचा मोह टाळणे हा हातगुणाचा मोठा भाग आहे.

साधी तांबडी जास्वंद अशी सहज लागते. मोठ्या फुलांच्या पिवळ्या-नारिंगी संकरित जाती अनेकदा हट्टी असतात; म्हणून रोपवाटिकेत त्यांचे कलम बळकट जातीच्या खुंटावर बांधतात. घरी अपयश आले, तर दोष आपल्या हाताचा की जातीचा, हे आधी पाहावे.

वर्गात याच काड्यांचे प्रयोग करता येतात. काही काड्या पानांसह आणि काही पानांशिवाय. काही वाळूत आणि काही चिकण मातीत. काही सुलट्या आणि काही उलट्या. प्रत्येक गटात किमान दहा काड्या असाव्यात, कारण एका काडीवरून काहीच सिद्ध होत नाही. हातगुणाची कीर्तीही पुष्कळदा अशीच वाढते: वीस काड्यांतल्या जगलेल्या पाच लक्षात राहतात आणि मेलेल्या पंधरा केरात जातात.

आणि एक प्रयोग खुद्द हातगुणाचा. एकाच झाडाच्या काड्या कापून मिसळाव्यात आणि मुलांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. कुंड्यांवर नावे न घालता आकडे घालावेत. दीड महिन्याने मोजणी करावी. काही मुलांच्या काड्या जास्त जगतील. तिथे थांबू नये. त्या मुलांनी वाळू किती दाबली, पाणी कधी आणि किती घातले, काडी कशी कापली, हे साऱ्यांनी मिळून शोधून काढावे, फळ्यावर लिहावे आणि दुसऱ्या खेपेस सर्वांनी तसेच करावे. दोन खेपांमधला फरक कमी झाला, तर हातातला गुण शिकवता येतो हे मुलांनीच सिद्ध केलेले असेल. ज्याच्या काड्या पहिल्या खेपेस सुकल्या, त्या मुलासाठी ही दुसरी खेप फार मोलाची आहे.

या प्रयोगासाठी काड्या हव्या असतील, तर एखाद्या माळीकाकांना वर्गात बोलवावे. काड्या त्यांनीच कापाव्यात, आणि कापताना ते कुठे बघतात, कोणती फांदी का सोडून देतात, हे मुलांनी विचारून वहीत लिहून घ्यावे.